मित्रांसोबत एका दिवसाची एमटीबी (माउंटन बाइक) राईड: ट्रेल कसा निवडायचा? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ग्रुपमध्ये राईड ठरवायचं काम बरेचदा माझ्याकडे येतं आणि दरवेळी तेच प्रश्न येतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढलं. रेसिंगसाठी किंवा दोन-तीन दिवसांच्या मोठ्या टूरसाठी हे नाहीये. चार-सहा मित्र, एक दिवस, सगळे एका लेव्हलचे नाहीत, आणि संध्याकाळपर्यंत सगळे धड घरी यायला हवेत, एवढ्यासाठी आहे.

आधी ट्रेल शोधायचा की आधी माणसं ठरवायची?

आधी माणसं. ट्रेल, म्हणजे सायकल चालवायची मातीची वाट, फायनल करून मग "कोण कोण येतंय" विचारलं की लोक ट्रेलचे फोटो बघून हो म्हणतात, आपल्याला ते झेपेल का याचा विचार करत नाहीत. आणि "तुला जमेल ना?" असं तर विचारूच नका, मित्रांमध्ये याला नाही कोणी म्हणत नाही. त्यापेक्षा सरळ साधे प्रश्न विचारा. मातीत शेवटचं कधी चालवलीस? न थांबता किती वेळ चढ चढतोस? उतारावर दगड आणि मुळं आली की चालवत जातोस की उतरून ढकलतोस? सायकल कुठली आहे, टायर केवढे? ह्या चार उत्तरांत माणूस कुठे आहे ते बऱ्यापैकी कळतं.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून बघा. दम आणि स्किल ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोज रोडवर पन्नास-साठ किलोमीटर मारणारा माणूस चढाला सगळ्यांच्या पुढे असतो पण पहिल्या रॉक गार्डनला (दगडांनी भरलेल्या तुकड्याला) थिजून उभा राहतो, आणि याउलट एखादी मैत्रीण उतारावर मस्त फ्लोमध्ये जाते पण चढाला तिला सहा वेळा थांबावं लागतं. ग्रुपमध्ये दमाला सगळ्यात कमी कोण आणि स्किलला सगळ्यात कमी कोण हे वेगळं वेगळं बघा. चढ पहिल्याच्या हिशोबाने निवडायचा, उतार दुसऱ्याच्या.

म्हणजे सगळं कच्च्या माणसाप्रमाणे करायचं? मग जे चांगले चालवतात त्यांना कंटाळा नाही येणार का?

येतो ना. आणि म्हणूनच माझं म्हणणं असं आहे की ट्रेल निवडूच नका, जागा निवडा. या सगळ्या लिखाणातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

काय होतं की आपण एक फेमस ट्रेल शोधतो, तीस किलोमीटरचा मोठा लूप (फिरून परत सुरुवातीलाच येणारी वाट), आणि सगळ्यांनी एकत्र तोच करायचा असं ठरवतो. मग अर्ध्यात एक जण दमला की मागे फिरलं तरी तेवढंच अंतर आणि पुढे गेलं तरी तेवढंच, सगळा ग्रुप अडकतो. त्याऐवजी अशी जागा शोधा जिथे एका ठिकाणाहून, शक्यतो पार्किंगमधूनच, पाच ते आठ किलोमीटरचे तीन-चार छोटे लूप निघतात आणि परत तिथेच येतात. पहिला सोपा लूप सगळे मिळून करा, तासाभरात कोण कसा चालवतोय ते दिसतं, मग ज्यांना जोर आहे ते अवघड लूपला जातील आणि बाकीचे सोप्याला किंवा थोडं बसतील, आणि ठरलेल्या वेळेला परत सगळे एकत्र. पाण्याच्या जादा बाटल्या, मोठा पंप, कोरडे कपडे सगळं गाडीत ठेवता येतं, पाठीवर ओझं कमी. कोणाची सायकल बिघडली तरी गाडी फार लांब नसते. नकाशावर आठच्या आकड्यासारखा किंवा पाकळ्यांसारखा दिसणारा ट्रेल असेल तर डोळे झाकून तो घ्या.

दुसरं म्हणजे बऱ्याच बांधलेल्या ट्रेल्सवर एकाच वाटेवर दोन लाईन असतात, एक उडी किंवा ड्रॉपवरून (वाट एकदम खाली जाते ती पायरी) जाणारी आणि एक बाजूने वळसा घालणारी. अशा जागी वेगवेगळ्या लेव्हलचे लोक एकामागे एक जाऊ शकतात आणि पुढे लगेच भेटतात. ट्रेलच्या माहितीत असे बायपास आहेत का ते नक्की वाचा.

हिरवा, निळा, लाल, काळा हे रंग नक्की काय सांगतात?

अवघडपणा सांगतात, पण सगळीकडे एकसारखा नाही, आणि इथेच जास्तीत जास्त लोक फसतात.

अमेरिकेतल्या इम्बा (IMBA) या माउंटन बाइकिंगच्या संस्थेची पद्धत स्कीइंगवरून घेतलेली आहे: पांढरा गोल सगळ्यात सोपा, मग हिरवा गोल, निळा चौकोन, काळा डायमंड आणि दोन काळे डायमंड. त्यात फक्त "सोपा-अवघड" असं मोघम नाहीये, आकडे आहेत. हिरव्या ट्रेलची रुंदी साधारण ९० सेंटीमीटर किंवा जास्त, सरासरी चढ-उतार ५ टक्क्यांपर्यंत (म्हणजे १०० मीटरला ५ मीटर) आणि वाटेत टाळता न येणारे अडथळे ५ सेंटीमीटरच्या आत. निळ्याला रुंदी ६० सेंटीमीटरच्या पुढे, सरासरी १० टक्क्यांपर्यंत, अडथळे २० सेंटीमीटरपर्यंत. काळ्या डायमंडला रुंदी ३० सेंटीमीटर चालते, सरासरी १५ टक्क्यांपर्यंत आणि अडथळे ३८ सेंटीमीटरपर्यंत. म्हणजे हिरव्यावरून निळ्यावर जाताना अडथळ्याची उंची एकदम चौपट होते, "एकच तर पायरी वर आहे" असं म्हणून नवख्या माणसाला निळ्यावर नेताना हे डोक्यात असू द्या.

ब्रिटनमध्ये हिरवा, निळा, लाल, काळा अशा चार पायऱ्या आहेत, मध्ये लाल आहे. त्यामुळे एका देशातला काळा आणि दुसऱ्या देशातला काळा यांची थेट तुलना करू नका. जर्मन भाषिक भागात रंगांऐवजी एस-झिरो ते एस-फाइव्ह अशी सिंगलट्रेल स्केल चालते आणि ती फक्त वाटेच्या टेक्निकल अवघडपणाबद्दल असते, एकूण चढ किती आहे किंवा लांबी किती आहे याचा तिच्याशी संबंध नाही. एस-झिरो म्हणजे सपाट घट्ट वाट, एस-वनला छोटी मुळं आणि दगड येतात, एस-टूला मोठे दगड आणि पायऱ्या सुरू होतात, एस-थ्रीपासून पुढे घट्ट वळणं, मोठ्या शिळा, उंच पायऱ्या. मिक्स ग्रुपसाठी एस-झिरो आणि एस-वन, मध्ये थोडं एस-टू जिथे उतरून चालता येईल, एवढं बास.

शिवाय रंग देणारी माणसंच असतात. जुन्या हाताने बनवलेल्या ट्रेलचा निळा आणि मशीनने बनवलेल्या गुळगुळीत फ्लो ट्रेलचा (न अडखळता लयीत चालवता येतो असा) निळा यात जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. म्हणून नव्या जागी गेल्यावर पहिला ट्रेल तुम्हाला वाटतो त्यापेक्षा एक पायरी खालचा घ्या, तिथले रंग कडक आहेत का सैल ते त्यावर कळेल, मग वर जा.

किती किलोमीटरचा ट्रेल घ्यावा?

किलोमीटर हा दुसरा प्रश्न आहे, पहिला प्रश्न एकूण चढ किती. सिंगलट्रॅकवरचे (एका वेळी एकच सायकल जाईल अशा अरुंद वाटेवरचे) २० किलोमीटर आणि रोडवरचे २० किलोमीटर यांचा काहीही संबंध नाही, मातीत टायर खेचतात, सतत ब्रेक आणि परत जोर, हात-खांदे-कंबर सगळं काम करत असतं.

माझा ठोकताळा असा की एकूण चढ भागिले किलोमीटर. एका किलोमीटरमागे १०-१५ मीटर चढ येत असेल तर सोपा दिवस, २०-२५ मीटर आला तर ठीकठाक मेहनत, ३० च्या वर गेला तर सगळे फिट असतील तरच. म्हणजे २० किलोमीटर आणि ५०० मीटर चढ हे २५ ला बसतं, सवय नसलेल्याचा त्यात घाम निघतो. पहिल्यांदाच मातीत येणाऱ्यांसाठी १०-१५ किलोमीटर आणि २००-३०० मीटर चढ पुरेसा आहे.

पण नुसती बेरीज बघून चालत नाही. चढ कुठे आहे आणि कसा आहे ते बघा. ५०० मीटर चढ वीस छोट्या चढांत वाटलेला असेल तर वेगळा, आणि सलग पाच किलोमीटर १० टक्क्यांनी असेल तर वेगळा, दुसरा प्रकार मिक्स ग्रुप फोडतो कारण पुढचे वर जाऊन अर्धा तास थंड पडतात आणि मागचे मान खाली घालून ढकलत येतात. चढ जर रुंद जंगल-रस्त्याने असेल आणि उतार सिंगलट्रॅकने तर उत्तम, चढताना गप्पा मारत बाजूबाजूने जाता येतं. आणि मोठा चढ राईडच्या शेवटी ठेवणारा लूप असेल तर तो उलटा करता येतो का बघा. (एकदिशा ट्रेल असेल तर नाही करायचा, समोरून कोणीतरी वेगात येत असतं.)

ॲपमधल्या चढाच्या ग्राफला घाबरू पण नका आणि भुलू पण नका. उभी आणि आडवी पट्टी वेगवेगळ्या मापाची असते म्हणून टेकडी पण भिंतीसारखी दिसते, तर कधी मोठ्या लूपमध्ये छोटा पण जीवघेणा चढ दिसतच नाही. टक्केवारी बघा. एकाच ट्रेलचा चढ दोन ॲप्स वेगवेगळा दाखवतात हेही नॉर्मल आहे, मोजायची पद्धत वेगळी असते, मोठा आकडा धरून चाला.

वेळ किती लागेल कसं समजायचं?

ॲपवर जी सरासरी वेळ दिसते ती तिथे नेहमी जाणाऱ्या, वाट पाठ असलेल्या लोकांची असते. ग्रुपसाठी मी असं धरतो: ताशी १० किलोमीटर, वर दर १०० मीटर चढाला १० मिनिटं, आणि जे येईल त्याच्या दीडपट. २२ किलोमीटर आणि ६०० मीटर चढ असेल तर अंतराचे सव्वादोन तास, चढाचा एक तास, झाले सव्वातीन, दीडपट केले की जवळपास पाच तास. हे ऐकून लोक म्हणतात एवढं कुठे लागतं, पण प्रत्येक फाट्यावर थांबणं, कोणाची सीट वर करणं, एखादं पंक्चर, फोटो, खाणं, एकाच ड्रॉपला परत वर जाऊन तीनदा ट्राय करणं हे सगळं त्यातच येतं आणि मजा पण त्यातच असते.

मग सूर्यास्तातून ते पाच तास आणि वर किमान दोन तास मागे जा, त्याच्या आधी पहिला पेडल पडला पाहिजे. झाडीत अंधार लवकर होतो. दोन तास उरत नसतील तर छोटा ट्रेल घ्या, फास्ट चालवून वेळ भरून काढू असा हिशोब करू नका, फास्ट तेच चालवतील ज्यांना तशीही घाई नाही.

लूप, जाऊन-येऊन की वर गाडीने आणि खाली सायकलने?

लूप सगळ्यात चांगला, पण मधून बाहेर पडायला वाट हवी. नकाशावर बघा की कुठे कुठे ट्रेल रस्त्याला छेदतो किंवा जवळून जातो. असे निदान दोन पॉइंट हवेत जिथून दमलेला माणूस सरळ रस्त्याने खाली येऊ शकेल.

जाऊन-येऊन ट्रेल नवख्यांसाठी लोकांना वाटतो त्यापेक्षा जास्त चांगला आहे. कुठूनही मागे फिरता येतं, वाट ओळखीची झालेली असते. फक्त जाताना सगळा उतार असेल तर सावध, येताना तोच चढ आहे हे जाताना कोणाला आठवत नाही.

शटल, म्हणजे गाडीने वर आणि सायकलने खाली, यात दम लागत नाही असं समजून लोक कमी फिट मित्रांना नेतात. दम लागत नाही पण हात मरतात. सलग लांब उतारावर ब्रेक धरून धरून बोटं आणि हाताची नळी इतकी भरून येते की नंतर ब्रेक दाबला जात नाही, आणि पडणं तिथे होतं. उतारावर नवखा माणूस असेल तर मध्ये मध्ये थांबायचंच असं आधी ठरवून घ्या. आणि लांब उताराच्या आधी प्रत्येकाचे ब्रेक पॅड तपासा.

ॲप आणि नकाशे किती खरे मानायचे?

ट्रेलफोर्क्ससारख्या ॲपवर ट्रेलचा रंग, दिशा, उघडा की बंद, लोकांनी टाकलेले ताजे रिपोर्ट हे सगळं एका जागी असतं, सुरुवात तिथून करा. रिपोर्टची तारीख बघा, सहा महिन्यांपूर्वीचं "एकदम मस्त कोरडा" काही कामाचं नाही. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशावर वाटांना शून्य ते सहा अशी एमटीबी स्केल दिलेली असते, त्या डेटावर चालणाऱ्या ॲप्समध्ये ती दिसते, पण सगळ्या वाटांना दिलेली नसते.

स्ट्राव्हा या राईड नोंदवायच्या ॲपचा हीटमॅप (जिथून जास्त लोक गेले तिथे ठळक रेघ दाखवणारा नकाशा) लोक फार वापरतात. त्यावरून एवढंच कळतं की इथून लोक जातात. परवानगी आहे का, कुठल्या दिशेने जायचं, अवघड किती, यातलं काही कळत नाही. हीटमॅपवर ठळक रेघ आहे म्हणून आपण कोणाच्या खासगी जमिनीतून किंवा सायकलला बंदी असलेल्या वाटेने ग्रुप घेऊन गेलो तर त्याचा त्रास पुढे सगळ्याच सायकलवाल्यांना होतो, बऱ्याच जागा अशाच बंद होतात. ज्याची जमीन किंवा जंगल आहे त्यांची माहिती शेवटची मानायची.

माझी पद्धत: ॲपवर शोधायचं, मग त्या ट्रेलचा हेल्मेट कॅमेऱ्याचा व्हिडिओ बघायचा, मग शक्य असेल तर तिथल्या एखाद्या सायकल मेकॅनिकला किंवा ट्रेल दुरुस्त करणाऱ्या लोकांना विचारायचं. व्हिडिओत उतार नेहमी सपाट दिसतो आणि दगड छोटे दिसतात, म्हणून व्हिडिओत जे "जरा अवघड" दिसतंय ते प्रत्यक्षात बरंच अवघड असतं असं धरा.

काल रात्री पाऊस झाला, जायचं का?

माती कुठली आहे त्यावर आहे. वाळू आणि खडी मिसळलेली जमीन पाणी पटकन सोडते, कधी कधी पावसानंतरच तिथे जास्त मजा येते कारण भुसभुशीत माती बसते आणि ग्रिप वाढते. चिकणमाती मात्र टायरला, फ्रेमला, डिरेल्युरला (गिअर बदलणाऱ्या भागाला) अशी चिकटते की चाक फिरायचं बंद होतं, आणि आपल्या टायरने जी खोल चरी पडते ती वाळली की तशीच कडक राहते आणि पुढच्या पावसात पाणी त्याच चरीतून धावून सगळा ट्रेल धुऊन नेतं.

साधी टेस्ट म्हणजे शंभरएक मीटर जा आणि मागे वळून बघा. टायरची नुसती नक्षी उमटली असेल तर ठीक, खोल चर पडत असेल किंवा बुटाला मातीचे थर लागत असतील तर परत फिरा. आणि मध्येच एखादं डबकं आलं तर त्याच्या मधून जा, बाजूने गेलात की वाट रुंद होत जाते आणि वर्षभरात सिंगलट्रॅकचा रस्ता होतो.

ओली मुळं, ओलं लाकूड आणि शेवाळ आलेले दगड यांना कसलीच ग्रिप नसते. लाकडी पूल असलेला सोपा ट्रेल ओला झाला की एक पायरी वरचा समजा. म्हणून मी नेहमी दोन जागा ठरवून ठेवतो, एक कोरड्या दिवसाची आणि एक ओल्या दिवसाची, आदल्या रात्री फक्त कुठली ते सांगायचं.

ग्रुपमध्ये किती जण असावेत?

चार ते सहा. तीन तरी असावेत, म्हणजे एकाला लागलं तर एक थांबेल आणि एक मदत आणायला जाईल. आठच्या वर गेलात तर सरळ दोन ग्रुप करा, नाहीतर अर्धा दिवस फाट्यांवर उभं राहण्यात जातो. वाट माहीत असलेला पुढे, आणि शांत डोक्याचा, दुरुस्ती येणारा माणूस शेवटी. प्रत्येक फाट्यावर पुढच्याने थांबायचं आणि शेवटचा दिसेपर्यंत हलायचं नाही. आणि शेवटचा पोचल्या पोचल्या "चला" म्हणायचं नाही हो, तुमची विश्रांती झाली, त्याची सुरू झालेली असते.

सगळ्यांच्या सायकली वेगळ्या आहेत, चालतं का?

हिरव्या ट्रेलला पुढे शॉक असलेली हार्डटेल (मागे शॉक नसलेली एमटीबी) आरामात चालते. निळ्यालाही चालते, फक्त हातापायांना काम जास्त. शहरात चालवायची हायब्रिड, अरुंद टायर, रिम ब्रेक असं काही कोणी आणत असेल तर रुंद जंगल-रस्ते आणि सपाट हिरवे ट्रेल एवढ्यातच राहा किंवा त्या दिवसापुरती भाड्याने एमटीबी घ्या.

सायकलपेक्षा मोठा फरक टायरच्या हवेने पडतो, आणि तो फुकट आहे. लोक रोडसारखी कडक हवा भरून येतात आणि मग प्रत्येक दगडावरून उडतात. साधारण वजनाच्या माणसाला रुंद टायरमध्ये २२ ते ३० पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) मध्ये कुठेतरी बरोबर बसतं, ट्युबलेसला (आत ट्युब नसलेल्या टायरला) त्यातली खालची बाजू, ट्युब असेल तर वरची, नाहीतर दगडावर ट्युब चिमटून पंक्चर होते. टायरवर छापलेल्या मर्यादेच्या बाहेर मात्र जायचं नाही. पार्किंगमध्ये सगळ्यांची हवा एकदा गेजने चेक करा, पाच मिनिटांचं काम आहे.

एकाकडे ई-बाईक आहे, त्याला घ्यायचं का?

घ्या की. मिक्स ग्रुपमध्ये दमाला कमी असलेल्या माणसाकडे ई-बाईक असेल तर उलट सगळा ग्रुप एका लयीत येतो. दोन गोष्टी बघा. एक, त्या ट्रेलवर ई-बाईकला परवानगी आहे का, बऱ्याच ठिकाणी साध्या सायकलला असते आणि ई-बाईकला नसते. दुसरं, तिचं वजन बरेचदा वीस किलोच्या वर असतं, त्यामुळे पडलेल्या झाडावरून उचलून न्यायची, पायऱ्यांवर ढकलायची वेळ येणारा ट्रेल नको. बॅटरी संपली तर तीच सायकल चढाला ओझं होते, म्हणून अर्धी बॅटरी आणि अर्धा चढ यांचा हिशोब ठेवायचा, किलोमीटरचा नाही.

बाईक पार्कला गेलं तर सोपं पडेल का?

बाईक पार्क म्हणजे सायकलसाठीच ट्रेल बांधलेली जागा. तिथे सोपं पडतं, जर खरंच हिरवे ट्रेल असतील तर. काही पार्कमध्ये सगळ्यात सोपा ट्रेल पण बराच तीव्र असतो. फायदा हा की वर न्यायची सोय असते, वाट चुकत नाही, मदत करणारी माणसं जवळ असतात, भाड्याने सायकल आणि गुडघ्या-कोपरांचे पॅड मिळतात. नवखे असतील तर पहिला तास पंप ट्रॅक (छोट्या उंचवट्यांचा सरावाचा गोल ट्रॅक) किंवा प्रॅक्टिस एरियात घालवा, बर्ममध्ये (बाहेरून उंच केलेल्या वळणात) कसं झुकायचं, उभं राहून पेडल सपाट कसे ठेवायचे हे तिथे शिकून मग वर जा. उड्यांचे ट्रेल पहिल्या फेरीत सगळ्यांनी फक्त बघत बघत खाली यायचं, कितीही चांगलं चालवत असाल तरी.

बरोबर काय काय घ्यायचं?

हेल्मेट नसेल तर राईड नाही, यावर चर्चा नाही. पूर्ण बोटांचे ग्लोव्हज आणि डोळ्यांना चष्मा, फांद्या तोंडावर येतात. पाणी तासाला अर्धा लिटर धरून, उन्हात त्याहून जास्त, आणि वाटेत मिळेल या भरवशावर नाही. खायला दर तासाला थोडं थोडं.

दुरुस्तीचं सामान ग्रुपमध्ये वाटून घ्या: मल्टिटूल, टायर लिव्हर, पंप, चेन तोडायचं टूल आणि तुमच्या चेनच्या स्पीडची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), ट्युबलेससाठी भोक बुजवायचे प्लग. ट्युब मात्र प्रत्येकाने आपापल्या साइझची घ्यायची, २६, २७.५ आणि २९ इंच असे तीन प्रकार एकाच ग्रुपमध्ये असतात आणि नेमकी ज्याचं पंक्चर झालंय त्याची साइझ कोणाकडे नसते. डिरेल्युर हँगर (डिरेल्युर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा) पण सायकलप्रमाणे वेगळा असतो, ज्याचा त्याने ठेवावा. दगड जास्त असलेला ट्रेल निवडला असेल तर हे सगळं अजून गंभीरपणे घ्या.

कोणी जोरात पडलं आणि नेटवर्क नसेल तर?

याची तयारी ट्रेल निवडतानाच करायची. ऑफलाइन नकाशा निदान दोघांच्या फोनमध्ये हवा. ट्रेलचं नाव, गाडी कुठे लावली आणि कितीला परत येणार हे घरी असलेल्या कोणालातरी लिहून पाठवा आणि "या वेळेपर्यंत मेसेज आला नाही तर फोन कर" असं स्पष्ट सांगा. जगात बऱ्याच देशांत ११२ हा इमर्जन्सी नंबर चालतो, आणि आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या नेटवर्कवरून तो लागू शकतो, म्हणून ट्राय करायचाच. अर्थात कुठल्याच कंपनीचं नेटवर्क नसेल तर नाही लागणार.

पडलेल्याला डोक्याला मार बसला असेल, हेल्मेट तडकलं असेल, गोंधळल्यासारखा बोलत असेल, उलटी होत असेल तर राईड तिथेच संपली, तो कितीही "मी ठीक आहे" म्हणाला तरी. मान किंवा पाठ दुखतेय म्हणाला तर उठवून बसवायची घाई नको. वरच्या बाजूला एक जण उभा करा, मागून येणाऱ्या सायकली थांबवायला, हे विसरतात लोक.

चालणारे, घोडेवाले, समोरून येणारे सायकलवाले, कोणी कोणाला वाट द्यायची?

तिथे पाटी लावून वेगळं सांगितलं नसेल तर आपण सायकलवाल्यांनी सगळ्यांना वाट द्यायची. सायकलवाल्यांमध्ये उतरणाऱ्याने चढणाऱ्याला, कारण चढावर थांबलं की परत सुरू करणं अवघड. घोडा दिसला की थांबा, लांबूनच आवाज देऊन बोलत राहा म्हणजे घोड्याला माणूस आहे हे कळतं, आणि स्वार सांगेल तेव्हाच पुढे जा. सुट्टीच्या दिवशी चालणाऱ्यांची गर्दी होणारी वाट असेल तर सकाळी लवकर जा किंवा फक्त सायकलसाठी असलेला ट्रेल निवडा.

तिथे पोचलो आणि ट्रेल बंद निघाला तर?

बंद म्हणजे बंद. टेप ओलांडून जाऊ नका, आत झाडतोड चालू असू शकते किंवा पूल काढलेला असू शकतो. म्हणून तर वरती दोन जागा ठरवायला सांगितलं. दुसरी जागा अर्ध्या तासाच्या गाडीच्या अंतरात असेल तर दिवस वाचतो, ती पण आधीच ऑफलाइन सेव्ह करून ठेवा.

सगळे छान चालवतायत, शेवटी अजून एक लूप मारायचा का?

मारा, पण आधी तीन गोष्टी विचारा: उजेड किती उरलाय, पाणी किती उरलंय, आणि मागच्या लूपला कोण कोण चुकायला लागलं होतं. दमलेला माणूस आधी पायाने दमत नाही, आधी लक्ष जातं. सोप्या वळणाला वाट सोडणं, गिअर चुकीचा टाकणं, बसून बसून उतरणं, गप्प होणं, ही सगळी लक्षणं आहेत आणि मित्राला ती आपल्याला दिसतात, त्याला स्वतःला दिसत नाहीत. दोघं चुकायला लागले असतील तर शेवटचा लूप हिरवा घ्या, सकाळी जो सगळ्यांनी मिळून केला होता तोच. ज्यांना काळा परत करायचाच आहे त्यांनी दोघा-तिघांनी जावं, कितीला परत येणार ते सांगून, आणि बाकीच्यांनी तोपर्यंत सायकली धुऊन गाडीवर चढवायला घ्याव्यात.